गाड्या नसलेल्या डोंगरावर

आठवीच्या वर्गात एकदा ऑफ तास होता. भूगोलाचे सर रजेवर होते, म्हणून मी त्यांच्या जागी गेले. मुलांनी टीव्हीवर डोंगरांचा एक व्हिडिओ लावायचा हट्ट धरला. स्वित्झर्लंडमधले झेरमॅट नावाचे गाव, मागे मॅटरहॉर्नचे टोकदार शिखर, चहूकडे बर्फ आणि पायाला लांब पट्ट्या बांधून उतारावरून घसरत येणारी लहान-मोठी माणसे. पण मुलांचे लक्ष बर्फापेक्षा दुसऱ्याच गोष्टीने वेधून घेतले. त्या गावात पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना बंदी आहे. पाहुण्यांनी आपली मोटार पाच किलोमीटर खाली टॅश नावाच्या गावात ठेवायची आणि तिथून रेल्वेने वर जायचे. गावात फिरायला पाय, विजेवर चालणाऱ्या छोट्या गाड्या किंवा घोडागाडी. आणखी वर जायचे तर 1898 पासून चालणारी दातेरी रुळांची गॉर्नरग्राट रेल्वे आहे, ती 3089 मीटर उंचीवर नेते.

मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, गाडीच नाही असं गाव आपल्याकडे असतं का?"

प्रश्न बरोबर होता. आमच्या नामपूरमध्ये कांद्याचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरांच्या रांगेतून रस्ता ओलांडायला दहा मिनिटे लागतात. मी म्हटले, "असतं. आपल्याच महाराष्ट्रात आहे. माथेरान." बर्फ नाही, बाकी सगळे आहे. गाडी खाली ठेवायची, छोट्या रेल्वेने वर जायचे, पायी किंवा घोड्यावर फिरायचे. मुले खूश झाली. तास संपला. मी मात्र दिवसभर त्याच विचारात राहिले, कारण माथेरानची एक जुनी आठवण माझ्या मनात बोचत होती.

बावीस वर्षांपूर्वीची सहल

बी.एड.ला असताना आमची सहल माथेरानला गेली होती. एका पॉइंटवरून परत येताना माझा पाय मुरगळला. टाच टेकवता येईना. मैत्रिणींनी हातरिक्षा बोलावली. मोठ्या चाकांची, लोखंडी दांड्यांची, वर गादीची बैठक असलेली. एक माणूस पुढून ओढणार आणि दोघे मागून ढकलणार. लाल मातीचा चढ, मध्ये दगड, झाडांची मुळे. पुढचा माणूस माझ्या अब्बांच्या वयाचा होता. चढ आला की तो पूर्ण वाकायचा. त्याच्या श्वासाचा आवाज मला वरपर्यंत ऐकू येत होता. मी दोनदा म्हणाले, "थांबा, मी उतरते." तो म्हणाला, "बसा ताई, हेच तर आमचं काम."

उतरल्यावर मी ठरलेले पैसे दिले आणि लाजेने मान खाली घालून लंगडत खोलीत गेले. धन्यवाद म्हणाले की नाही, तेही आठवत नाही. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मजुरी तर मी दिली होती. तरी काहीतरी द्यायचे राहून गेले, असे वाटत राहिले.

यंदा डिसेंबरात शनिवार-रविवारला जोडून दोन किरकोळ रजा टाकल्या आणि आम्ही पुन्हा माथेरानला निघालो. यावेळी निमित्त आमच्या सासूबाईंचे होते. माझे मरहूम सासरे तरुणपणी भिवंडीला लूमवर कामाला होते. तेव्हा ते मित्रांबरोबर एकदा त्या छोट्या गाडीत बसून आले होते. "तुला एकदा नेईन," असे ते अम्मींना म्हणायचे. ते राहून गेले. आता अम्मी सत्तरीच्या पुढे आहेत आणि गुडघे साथ देत नाहीत. मुलांनी दादीला वचन दिले आणि माझ्यापुढे प्रश्न उभा राहिला, की जिथे गाडी जात नाही, तिथे अम्मींना फिरवायचे कसे?

नामपूर ते नेरळ

आमच्या भागातून जाणाऱ्यांसाठी सरळ वाट अशी. भल्या पहाटे नामपूरहून मालेगावमार्गे मनमाड गाठायचे. तिथून सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडून कल्याणला उतरायचे आणि कर्जतकडे जाणाऱ्या लोकलने नेरळला यायचे. सटाणा-देवळा भागातल्यांना नाशिकरोडहून बसणे सोयीचे. फजरची नमाज आम्ही मनमाड स्टेशनवर पढलो. अम्मींनी डब्यात मेथीचे पराठे आणि खिमा बांधून घेतला होता, तो इगतपुरी येण्याआधीच संपला.

एक गोष्ट लक्षात ठेवावी. नेरळहून वर जाणाऱ्या छोट्या गाडीच्या फेऱ्या दिवसाला मोजक्याच असतात आणि त्या सकाळी सुटतात. आमच्याकडून निघणाऱ्याला त्या सहसा गाठता येत नाहीत. म्हणून आम्ही उलटा बेत केला. जाताना टॅक्सी आणि परतताना पूर्ण उतार छोट्या गाडीने. नेरळ स्टेशनबाहेर शेअर टॅक्सी मिळतात. घाट चांगलाच चढा आहे. मुलांनी कान दाबून धरले, अम्मींनी तसबीह काढली. साधारण अर्ध्या तासात आम्ही दस्तुरी नाक्यावर पोहोचलो.

दस्तुरी म्हणजे माथेरानचे टॅश. इथे सगळी वाहने थांबतात. इथून पुढे फक्त ॲम्ब्युलन्स आणि अग्निशमन दलाची गाडी जाऊ शकते. नगरपरिषदेचा प्रवेश कर भरायचा आणि पुढची अडीच-तीन किलोमीटरची वाट कशी कापायची ते ठरवायचे. नवखा माणूस इथे गोंधळतो, कारण घोडेवाले, हमाल आणि खोल्या दाखवणारे एकदम भोवती जमतात. शांतपणे चार मार्ग ध्यानात घ्यावेत.

पहिला मार्ग पायांचा. झाडांच्या सावलीतून, रुळांच्या कडेने तासाभरात बाजार येतो. सामान कमी असेल तर याहून चांगले काही नाही. दुसरा मार्ग शटल रेल्वेचा. नाक्यापासून काही मिनिटांवर अमन लॉज स्टेशन आहे, तिथून छोटी गाडी वीसेक मिनिटांत थेट बाजारात सोडते. पावसाळ्यात नेरळची गाडी बंद असते, तेव्हाही ही शटल चालू राहते. तिसरा मार्ग घोड्याचा. चौथा मार्ग माझ्या बी.एड.च्या वेळी नव्हता, तो म्हणजे ई-रिक्षा.

ई-रिक्षा आणि तिच्यामागची लढाई

माथेरानला केंद्र सरकारने 2003 मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर केले. मोटारी नसल्यामुळेच इथले जंगल टिकले, हे खरे. पण मोटार नाही म्हणजे ओझे नाही, असे थोडेच असते? गॅसच्या टाक्या, धान्याची पोती, सिमेंट, आजारी माणसे आणि आमच्यासारखे पाहुणे, हे सगळे कुणीतरी वर न्यायचे होते. ते काम घोड्यांनी, हमालांनी आणि हातरिक्षा ओढणाऱ्यांनी केले. इंग्रजांच्या काळापासून चालत आलेली ही पद्धत स्वातंत्र्यानंतरही तशीच चालू राहिली. परवानाधारक हातरिक्षाचालक 94 होते.

त्यांच्या बाजूने उभे राहिले ते माथेरानमधले एक शिक्षक, सुनील शिंदे. श्रमिक रिक्षा संघटनेच्या वतीने त्यांनी अनेक वर्षे हा प्रश्न लावून धरला. त्यांचे म्हणणे साधे होते. आमचे काम काढून घेऊ नका, फक्त ओढायचे काम यंत्राला द्या. विजेवरची रिक्षा धूर सोडत नाही, मग जंगलाला तिचा त्रास काय? 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चाचणी म्हणून परवानगी दिली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ई-रिक्षा लाल मातीवर धावली. सुरुवातीला 7 रिक्षा आल्या. घोडेवाल्यांचा विरोध होता. साडेचारशेच्या आसपास घोडे आणि त्यांच्यावर चालणारी घरे, त्यांची काळजीही खोटी नव्हती.

6 ऑगस्ट 2025 रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने निकाल दिला. माणसाने माणसाला ओढण्याची प्रथा मानवी प्रतिष्ठेच्या विरुद्ध आहे आणि ती सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने थांबवा, असे न्यायालयाने सांगितले. ई-रिक्षा देताना खऱ्या हातरिक्षाचालकांना आधी द्या आणि पैसे नाहीत ही सबब सांगू नका, असेही बजावले. दस्तुरी ते शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉक चालतील, पण आतल्या वाटांवर नाही, हेही त्या निकालात आहे. म्हणजे माणसाची पाठही वाचावी आणि डोंगराची मातीही.

वर्तमानपत्रात ही बातमी वाचली तेव्हा मला तो वाकलेला माणूस आठवला होता.

नाक्यावर ई-रिक्षाची रांग मोठी होती, कारण रिक्षा कमी आणि माणसे जास्त. मुलांना आणि त्यांच्या अब्बूंना मी सामान घेऊन शटलकडे पाठवले आणि अम्मींबरोबर रांगेत थांबले. पाऊण तासाने आमचा नंबर लागला. चालक पन्नाशीचा होता. त्याने उतरून अम्मींचा हात धरला. "आजी, डावा पाय आधी. घाई नाही." अम्मी बसल्यावर त्याने त्यांचा बुरखा चाकात जाणार नाही असा आत सारला आणि मगच गाडी सुरू केली.

मी विचारले, "आधी काय करायचात?"

"हातरिक्षाच. वीस-बावीस वर्षं ओढली."

मग मीच गप्प झाले. अम्मींनी मात्र विचारले, "भाऊ, आता दम लागतो का?"

तो हसला. "आता नाही आजी. आता संध्याकाळी घरी गेलो की पोरांशी बोलायला अंगात जीव उरतो. आधी जेवायचो आणि पडायचो."

त्याच्या खांद्याकडे माझे लक्ष गेले. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली झुकलेला होता. तो माझी रिक्षा ओढणारा माणूस नव्हता, त्याचे वय पाहता असणे शक्य नव्हते. तरी उतरताना मी त्याला माझी जुनी गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "ताई, तुम्ही बसला नसता तर त्याची त्या दिवशी चूल पेटली नसती. चूक बसणाऱ्याची नव्हती आणि ओढणाऱ्याचीही नव्हती. दुसरं काही नव्हतंच ना तेव्हा."

बाजारात शिरताना एक रिकामी हातरिक्षा कडेला उभी दिसली. दांडे जमिनीला टेकलेले. मुलीने विचारले, "अम्मी, ही गंमत म्हणून ठेवली आहे का?" मी तिला ती कशी चालायची ते सांगितले. तिचा विश्वास बसेना.

पाहावे काय, फिरावे कसे

माथेरान समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर उंचीवर आहे. 1850 मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट इथे आले आणि मग बंगले उभे राहिले. त्याआधीही या डोंगरात माणसे होती, आजही आहेत. डोंगरउतारावरच्या आदिवासी वाड्यांतल्या बायका डोक्यावर भाजी, लाकूडफाटा, हंगामात जांभळे-करवंदे घेऊन पायवाटांनी वर येतात. रामबाग पॉइंटच्या बाजूला उभे राहिले की त्या दिसतात. आपण ज्या चढाला ट्रेक म्हणतो, तो त्यांचा रोजचा बाजाराचा रस्ता आहे.

पॉइंट तीसहून अधिक आहेत. सगळे पाहायचा हट्ट धरू नये, दमछाक होते आणि शेवटी सगळ्या दऱ्या सारख्या वाटू लागतात. आम्ही तीन दिवस असे वाटून घेतले. पहिल्या संध्याकाळी पोर्क्युपाइन पॉइंट, म्हणजे मावळतीचा. समोर प्रबळगड काळा होत जातो आणि त्याच्यामागे सूर्य उतरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी शार्लोट तलाव, त्याच्याजवळचे लुईझा आणि एको पॉइंट. गावाचे पिण्याचे पाणी याच तलावातून येते, म्हणून तिथे पोहायला उतरू नये. पाण्यापासून थोडे लांब, झाडाखाली जानमाज अंथरून आम्ही झुहर पढलो. मुसाफिर असल्याने कसर, दोन रकअत. आमच्या धाकट्याला सफरची ही सवलत फार आवडली.

पॅनोरमा पॉइंट उत्तरेच्या टोकाला आहे आणि पायी लांब पडतो. पहाटे तिकडे उगवतीचा देखावा मोठा सुंदर असतो. तिथे घोडा उपयोगी पडतो. घोडा करताना तीन गोष्टी पाळाव्यात. कोणते पॉइंट आणि किती पैसे, हे बसण्याआधी स्पष्ट बोलून घ्यावे. मुलांना पळवायला सांगू नये, घोडेवाल्याला लगाम धरून चालू द्यावे, डोक्यावर हेल्मेट मागून घ्यावे. आणि पॉइंटवर पोहोचल्यावर खाली उतरावे. घोड्याच्या पाठीवर बसूनच फोटो काढत, गप्पा मारत राहणारे खूप दिसतात. जनावराच्या पाठीची खुर्ची करू नये, ही आपल्याकडची शिकवण आहे. मुलीच्या घोडेवाल्याने अम्मींचा बुरखा पाहून सलाम केला आणि म्हणाला, "आमचा घोडा दिवसात किती वेळा इथे येतो, ते त्याला माहीत. तुम्ही उतरलात की तेवढाच त्याला आराम." ई-रिक्षाबद्दल विचारले तर तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "त्यांचं भलं झालं, आनंद आहे. आमचंही कुणी बघावं." त्याचे म्हणणे मला खोडता आले नाही.

धाडसी तरुणांसाठी दोरावरून दरी ओलांडण्याचा खेळ आहे. आमच्या घरात त्यावर मतदान झाले आणि दोघे बाजूने, तिघे विरुद्ध असा निकाल लागला. पण खरी मजा चालण्यातच आहे. लाल माती बुटांना लागते, वर जांभूळ-हिरड्याची दाट सावली. नशीब असेल तर फांदीवरून उडी मारणारे शेकरू दिसते. ते आपले राज्यप्राणी आहे हे मुलांना पुस्तकात माहीत होते, प्रत्यक्षात शेपटी पाहून धाकटा ओरडलाच. माकडांपासून मात्र सावध. हातात खाण्याची पिशवी दिसली की ती तुमची राहत नाही.

सर आदमजींची रेल्वे

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही परतीच्या छोट्या गाडीत बसलो. अम्मी खिडकीजवळ. ही गाडी ज्यांनी उभी केली, त्यांचे नाव आपल्या मुलांना माहीत असायला हवे.

सर आदमजी पीरभॉय हे मुंबईतले दाऊदी बोहरा समाजातले उद्योगपती. काठियावाडातून आलेल्या या कुटुंबाने कापड गिरणी, चामड्याचा धंदा आणि लष्कराला तंबू-बूट पुरवण्याचे काम यांत मोठे नाव कमावले. आदमजी 1897 मध्ये मुंबईचे शेरीफ झाले. त्या काळी माथेरानला जायचे तर नेरळहून घोडा, पालखी नाहीतर माणसांच्या खांद्यावरचा प्रवास. आदमजींचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी डोंगरावर रेल्वे न्यायचे मनावर घेतले. बार्शी लाइट रेल्वे बांधणारे इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांचा सल्ला घेतला. 1904 मध्ये काम सुरू झाले आणि 1907 च्या मार्चमध्ये गाडी धावली. खर्च आला सोळा लाख रुपये आणि तो आदमजींनी घातला. सरकारी तिजोरीतून नव्हे, एका कुटुंबाच्या खिशातून ही रेल्वे उभी राहिली.

रुळांमधले अंतर फक्त दोन फूट आणि लांबी सुमारे 21 किलोमीटर. डोंगर कापून मोठे बोगदे खणण्याऐवजी अब्दुल हुसेन यांनी रूळ डोंगराच्या कडेकडेने वळवत नेले. म्हणून वाटेत अगदी एकच छोटा बोगदा लागतो. चढ कुठे कुठे वीस फुटांना एक फूट इतका कडक आहे. पहिली चार वाफेची इंजिने जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीने बनवली होती आणि त्यांची चाके वळणावर सरकतील अशी खास रचना होती. आता डिझेल इंजिन ओढते.

गाडीने खूप सोसले आहे. 26 जुलै 2005 च्या पावसात रूळ वाहून गेले, ते दुरुस्त व्हायला 2007 उजाडले. 2016 मध्ये डबे घसरल्यावर पुन्हा बंद. 2019 च्या पावसात पुन्हा तेच, मग 2022 च्या ऑक्टोबरात नेरळ-माथेरान फेऱ्या सुरू झाल्या. दर पावसाळ्यानंतर तपासणी करूनच गाडी सोडतात, म्हणून निघण्याआधी ती चालू आहे का याची खात्री करून घ्यावी.

अमन लॉज, वॉटर पाइप, जुम्मापट्टी अशी स्टेशने मागे पडत गेली. गाडी इतकी हळू चालते की मुले खिडकीतून मागच्या डब्यातल्या मुलांशी बोलत होती. वळणावर आपलीच गाडी समोरच्या कड्यावर दिसते. अम्मी पदराने डोळे पुसत होत्या. मी काही विचारले नाही. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "ते म्हणायचे, गाडी वळली की इंजिन आपल्याकडे बघतं. खरंच बघतं."

पाहुण्याचा हिशेब

बर्फाच्या डोंगरावरही हाच प्रश्न आहे. काश्मीरच्या गुलमर्गला आपल्याकडची कुटुंबे आता मोठ्या संख्येने जातात. तिथे गोंडोला नावाचा रोपवे दोन टप्प्यांत माणसाला अफरवटच्या बर्फापर्यंत नेतो, स्की शिकवणारे आहेत, तट्टू आहेत. आणि लाकडी स्लेजही आहे. तिच्यावर पाहुणा बसतो आणि एक माणूस दोरीने ती बर्फातून ओढतो. त्या माणसाचे घर हिवाळ्यात त्याच कमाईवर चालते. बसू नका, असे मी सांगणार नाही. पण बसाल तेव्हा चढावर उतरून चाला, भाव ठरवताना शेवटच्या दहा रुपयांसाठी ताणू नका, त्याला गरम चहा पाजा आणि त्याचे नाव विचारा. मी बावीस वर्षांपूर्वी विचारले नव्हते.

माथेरानसाठी थोड्या सूचना. ऑक्टोबरअखेर ते मेपर्यंतचा काळ सोयीचा, त्यात शनिवार-रविवार टाळता आला तर उत्तम. सामान कमी घ्या, हमाल करावा लागला तर वजन सांगून पैसे ठरवा. चप्पल नको, पकड असलेले बूट हवेत. वडीलधाऱ्यांची औषधे, पाण्याची बाटली, जानमाज आणि टॉर्च जवळ ठेवा, कारण आतल्या वाटांवर रात्री अंधार असतो. खाण्याची सोय आपल्या पद्धतीची आहे का, हे खोली घेतानाच विचारा. प्लास्टिक आणि कचरा परत खाली आणा. ज्यांच्या गुडघ्यांना त्रास आहे त्यांच्यासाठी शटल आणि ई-रिक्षा मिळून बाजारापर्यंत जाणे आता अवघड नाही. त्यापुढचे जवळचे एक-दोन पॉइंट सावकाश, बसत-उठत पाहता येतात. अम्मींनी दोन पाहिले आणि त्यांचे मन भरले.

नेरळला संध्याकाळ होत आली होती. लोकलला वेळ होता. प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसून अम्मींनी हात उचलले. बराच वेळ ओठ हलत राहिले. नात मोठी चौकस, तिने विचारलेच, "दादी, कुणासाठी दुआ केली?"

"तुझ्या दादांसाठी. ज्यांनी ही गाडी बांधली त्यांच्यासाठी." अम्मी जरा थांबल्या. "आणि त्या रिक्षावाल्याच्या खांद्यासाठी."